ज्येष्ठता यादीबाई, धर्माबादचा नमस्कार घ्यावा

श्रीमती सेवाज्येष्ठता यादीबाई यांस,


यंदाही लक्ष्मीपूजनाला आमच्या घरात एक ताट झाकून ठेवावं लागलं. पुतण्या विमान कंपनीत नवा फर्स्ट ऑफिसर. त्या रात्री त्याला स्टँडबाय होतं. म्हणजे गणवेशाला इस्त्री करून, फोन उशाशी घेऊन हैदराबादच्या भाड्याच्या खोलीत बसायचं. बोलावलं तर उडायचं, नाही तर पंखा बघायचा. सुटीचा अर्ज त्यानं पोळ्यालाच टाकला होता. पण अर्ज आधी कुणाचा हे तुम्ही बघतच नाही. नंबर कुणाचा वर, एवढंच बघता.

इकडे मिरचीच्या अडतीवर लोक विचारतात, "पायलट झाला की तुमचा पोरगा, मग रोज रात्रीचंच विमान कसं काय?" काय सांगू? दिवसाची विमानं वरच्यांनी आधीच वाटून घेतली म्हणून?

आपली ओळख जुनी आहे, बाई. मी रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागलो, मग मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी मेल. मालगाडीच्या काळात रात्री दोनला कॉलमन कडी वाजवायचा. पोरं झोपेतून उठून विचारायची, कोण आलंय? तुम्हीच यायचात. पुढे मेलची चांगली लिंक, म्हणजे ठरलेल्या गाड्यांची पाळी, मिळाली, दिवाळीला घरी राहता येऊ लागलं. तोवर पोरं पुण्याला गेली होती. फराळाला मी आणि हिच्या गुडघेदुखीचं तेल.

तुमची एक गोष्ट मात्र मानली. आमच्या भागात वशिल्याशिवाय पान हलत नाही, आणि तुम्हाला वशिला चालतच नाही! दोन पुढारी गाठून पाहिले, दोघंही हात जोडून मोकळे.

पोरानं 200 तास उडून लायसन्स काढलं. कॅप्टनकीच्या लायसन्सला 1500 लागतात, तेही होतील. पण खुर्ची रिकामी व्हायला हवी ना! एक तर कंपनीनं नवी विमानं घ्यावीत, नाही तर वरचा कुणी 65 वर्षांचा होऊन निवृत्त व्हावा. त्यामुळे पोरगा हल्ली साहेबांच्या वाढदिवसाला फार मनापासून शुभेच्छा देतो. कंपनी बदलावी म्हटलं, तर तिकडे पुन्हा शेवटचा नंबर. दहा वर्षं संसार केलेल्या बाईनं परत माप ओलांडावं तसं. सरकारनं 2025 मध्ये वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली. ती मिळते. कुठल्या वारी, ते तुमच्या हातात.

तुमच्यासाठी माणसं भांडतात तेव्हा तर नवलच. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या आणि दोन याद्यांची सोयरीक काही जमेना. वरचा कोण, खालचा कोण, हा गुंता सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारींची समिती बसवावी लागली. तरी 2012 च्या उन्हाळ्यात, नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कुणाला यावरून, जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी 58 दिवस संप केला. विमानं जमिनीवर, तुम्ही मात्र फाइलीत सुखरूप.

असो. करंज्यांचा डबा रात्रीच्या गाडीनं पाठवलाय. सकाळी स्टेशनवर जाऊन घे म्हणालो, तर पोरगा म्हणतो, "काका, कॉल आला नाही तर जातो."

आपला,
एक रिटायर मेल ड्रायव्हर, धर्माबाद