जॉनी गद्दार, मुक्काम पोस्ट आर्वी

श्रीराम राघवन यांचा 'जॉनी गद्दार' 2007 साली आला, तिकीटबारीवर आपटला, आणि ज्यांनी तो थिएटरात पाहिला नाही त्यांनीच पुढे त्याला डोक्यावर घेतलं. त्यातला मी एक. पाच भागीदार, प्रत्येकाचे पन्नास लाख, अडीच कोटींची बॅग रेल्वेनं बंगळुरूला निघालेली आणि पाचातला एक फितूर. हा फितूर कोण, ते दिग्दर्शक लपवतसुद्धा नाही. तरी शेवटपर्यंत आपला जीव टांगणीला.

तेव्हापासून आमच्या पानठेल्यावरच्या कंपूचं एकच पालुपद : "आपल्या वर्धा जिल्ह्यात काऊन नाही होत बे असा पिच्चर?" बजेट कमी, हे तर जमेचंच. तेवढं एक आमच्याकडे भरपूर होतं.

पहिलीच ठेच दारूला लागली. कट शिजायचा म्हणजे टेबलावर बाटली हवी. आणि आमचा जिल्हा 1975 पासून कोरडा! गांधीजी 1936 साली इथल्या सेगावात राहायला आले, त्याची किंमत आमच्या खलनायकानं का मोजावी? दारू मिळत नाही असं कोण म्हणतो. फक्त ती समोर ठेवून निवांत कट करता येत नाही. मग उपाय निघाला : टोळीनं पुलगावचा पूल ओलांडून अमरावती जिल्ह्यात बसायचं. पण परत येईस्तोवर कट कोणाच्या ध्यानात राहणार? गद्दारी करायची हे खुद्द गद्दारच विसरला तर?

दुसरी अडचण रेल्वेची. 'जॉनी'तल्या फितुराला युक्ती सुचते ती 1971 चा 'परवाना' पाहून. त्यात अमिताभ गाडीत बसतो, मधेच उतरून विमानानं जाऊन खून करतो आणि पुन्हा त्याच गाडीत हजर. आमच्याकडे विमानासाठी आधी नागपूर गाठावं लागतं. शिवाय स्टेशनं दोन, वर्धा आणि सेवाग्राम. पाव्हणा सेवाग्रामला उतरतो आणि त्याला घ्यायला गेलेला जावई वर्ध्याच्या फलाटावर ताटकळतो, हे घरोघरी घडतं. सूड घ्यायला आलेल्याचंही तेच होणार. सुरा खिशात, वैरी दुसऱ्या स्टेशनाबाहेर ऑटोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालतोय.

पाठलागासाठी मी पुलगाव–आर्वी 'शकुंतला' सुचवली. ती नॅरोगेज केव्हाच बंद पडली, हे एक. आणि चालू होती तेव्हा तिच्यातून उडी मारणाऱ्याला कोणी 'पळाला' म्हटलं नसतं, 'उतरला' म्हटलं असतं.

सूड मात्र अस्सल होता. आमच्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भाऊबंदकी पेटते. दरवर्षी वखरताना वीतभर धुरा कोरायचा, आज्यानं सुरू करायचं आणि नातवानं तहसीलीत तारखा करायच्या. गोळी नाही, रक्त नाही; लग्नाची पत्रिका पाठवायची, पण घरी जाऊन 'या गा' म्हणायचं नाही. माणूस जागच्या जागी खलास. हॉलिवूडवाल्यांना एवढ्या स्वस्तात जमणार नाही.

शेवटी पाच जणांनी वर्गणी काढली आणि त्यातल्या त्यात सज्जन दिसणाऱ्याकडे ठेवली. सोयाबीनवर अळी आली त्या आठवड्यात त्यानं आमच्या पिच्चरचा बॅटरीवाला फवारणी पंप आणला. "अळी का थांबते का गा तुमच्यासाठी?" हा त्याचा जबाब.

आम्ही चौघांनी बदला घेतलाच. तो पंप आता आळीपाळीनं आमच्याच वावरात फिरतो. चार्जिंग फक्त त्याच्या घरी करतो.