साखर ती, मीठ ते

स्पॅनिश शिकणाऱ्यांचे प्रश्न जगभर ठरलेले. 'मला आवडतं' म्हणताना क्रियापद माझं न ऐकता आवडत्या वस्तूचं का ऐकतं? माणसाचा उल्लेख आला की मध्येच तो 'आ' कुठून उपटतो? टेबल स्त्रीलिंगी कसं? इंग्रजीत वाढलेली माणसं या प्रश्नांनी मेटाकुटीला येतात.

बालाघाटात मोबाइलवर स्पॅनिश गिरवणाऱ्या माझ्या भाचीला पहिला प्रश्न पडलाच नाही. 'मे गुस्ता एल ते', मला चहा आवडतो. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. मान सगळा आंब्यांचा, आपण नुसतं 'मला' म्हणून बाजूला उभं राहायचं. "यात शिकायचं काय आहे, मामा?" उलट स्पॅनिशच सोपी. तिथे चहाला आणि भाजीला एकच 'गुस्ता' पुरतं. आपल्याकडे चहा आवडतो, भाजी आवडते, वरण आवडतं.

तो 'आ'ही घरचाच निघाला. घर दिसलं तर 'वेओ ला कासा', आजी दिसली तर 'वेओ आ मि आब्वेला'. आपणही घर बघतो, पण आजीला बघतो. आजीला 'ला' लावल्याशिवाय सोडलं, तर ती सोडणार नाही, हे कळायला व्याकरण लागत नाही.

लिंगाच्या बाबतीत तर बालाघाटकर जन्मजात तयार. 1956च्या राज्य पुनर्रचनेत शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, वैनगंगेकाठचा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आमच्या घरात चहा होतो, टपरीवर चाय बन जाती है. पुस्तक घरी नपुंसकलिंगी, शाळेत पोचेपर्यंत स्त्रीलिंगी. पाणी मराठीत 'ते', हिंदीत पुल्लिंगी आणि स्पॅनिशमध्ये चक्क स्त्रीलिंगी असून पुल्लिंगी उपपद मिरवणारं: 'एल आग्वा फ्रिआ'. शब्द आघातयुक्त 'आ'ने सुरू होतो, म्हणून एकवचनात लगेच आधी 'ला' न येता 'एल' येतं. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहतं. भाचीनं हे ऐकून घेतलं आणि चहा गाळायला गेली. रोज उंबरठ्यावर लिंग बदलणाऱ्या घरात याचं नवल ते काय!

अडली ती 'सेर' आणि 'एस्तार'पाशी. दोन्हींचा अर्थ 'असणं'. 'एल प्रोफेसोर एस आबुर्रिदो' म्हणजे मास्तर कंटाळवाणे आहेत. 'एस'च्या जागी 'एस्ता' घातलं की मास्तर कंटाळलेले आहेत. आपण 'आहेत' कायम ठेवून विशेषण बदलतो, ते विशेषण कायम ठेवून 'आहेत' बदलतात. वर्गात बहुधा दोन्ही वाक्यं एकदमच खरी असतात, त्यामुळे चुकलं तरी फारसं बिघडत नाही.

नेब्रिहाने स्पॅनिशचं व्याकरण 1492 साली राणी इसाबेलाला अर्पण केलं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836चं. त्याआधीही लोकांना आंबे बिनचूक आवडत होतेच. आपल्या भाषेचे नियम आपण पाळतो, विचारत नाही. विचारायची बुद्धी परक्या भाषेच्या दारात उभं राहिल्यावर सुचते.

आणि एकदा सुचली की आवरत नाही. आता भाची मलाच विचारते, "मामा, साखर ती, मीठ ते, मग गूळ तो का?" मी दादोबांचं नाव सांगतो. ते 1836 सालात असल्यामुळे उलटतपासणी होत नाही.