ट्रॅपशास्त्री

सांता क्लारातल्या जुन्या एकमजली घरांत गरम पाण्याची टाकी बहुधा गॅरेजमध्ये असते. ४० किंवा ५० गॅलनची, आणि भूकंपात आडवी होऊ नये म्हणून वर-खाली दोन पट्ट्यांनी भिंतीला जखडलेली. शनिवारी सकाळी तिच्यासमोर हाफ पँट घालून, कपाळाला टॉर्च बांधून जो मराठी गृहस्थ उभा असतो तो ट्रॅपशास्त्री. आठवडाभर तो एन्व्हिडिया किंवा इंटेलमध्ये चिपमधली उष्णता बाहेर कशी काढावी याची डोकेफोड करतो. सुट्टीच्या दोन दिवसांत टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याने कुठे जावे, ही चिंता वाहतो.

प्लंबर न बोलावण्याचे कारण तो पैशाचे सांगतो. ते खरे नाही. प्लंबर अर्ध्या तासात काम उरकून जाईल आणि मग बोलायला काही उरणार नाही, ही खरी धास्ती.

त्याचे ज्ञान मोरीपासून सुरू होते. लहानपणी आजोळी तांब्याचा बंब पेटायचा, पाणी मोरीत जायचे आणि मोरीच्या तळाशी नहाणी ट्रॅप असायचा. तो कोरडा पडला की घरभर गटाराचा दर्प. त्यामुळे जिथे पाइप तिथे ट्रॅप हवाच, असे त्याचे ठाम मत बनलेले असते. टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हपाशी या मताला पहिला धक्का बसतो. पाणी २१० अंश फॅरनहाइटला पोचले किंवा दाब १५० पौंडांवर गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो. त्याच्या पाइपला ट्रॅप चालत नाही, मध्ये नळ चालत नाही आणि टोकाला आटेही चालत नाहीत. उतार सलग हवा, आणि पाइप बाहेर काढला असेल तर त्याचे तोंड जमिनीपासून ६ ते २४ इंचांवर, खाली वळलेले हवे. खोलगटीत पाणी साचले तर क्षार धरून वाट बुजते, आणि वाट बुजलेली टाकी फुटू शकते. आट्यांना मनाई अशासाठी, की ठिबक लागली की कोणीतरी तिथे बूच फिरवून बसवतो. हा ‘कोणीतरी’ कोण, हे शास्त्रीबुवांच्या पत्नीला बरोबर ठाऊक असते.

ट्रॅपची खरी जागा त्यापुढे आहे. पाइप घरातल्या ड्रेनकडे न्यायचा असेल तर आधी मध्ये उघडी फट सोडायची आणि मग फनेलखाली पी-ट्रॅप बसवायचा. त्यात २ ते ४ इंच पाणी उभे राहिले पाहिजे. एस-ट्रॅपला बंदी आहे, कारण वाहते पाणी जाताना आतले पाणीही ओढून नेते. हे समजावताना शास्त्री मंडळाच्या गणपतीत पन्ह्याचा स्ट्रॉ वाकवून दाखवतो. बटाटेवड्याची रांग मागे खोळंबते.

पण सेफ्टी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे उघडत नाही आणि सांता क्लाराचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. ट्रॅपमधले पाणी आटते आणि आजोळचा दर्प साता समुद्रापार येऊन पोचतो. सोपा उपाय म्हणजे रोज वापरात असलेल्या वॉशिंग मशीनच्या ड्रेनलाच फनेल जोडणे. दुसरा म्हणजे ट्रॅपमध्ये थोडे मिनरल ऑइल सोडणे, म्हणजे वाफ कमी होते. इंग्लंडमध्ये पाण्याऐवजी रबरी पडद्याने बंद होणारा कोरडा ट्रॅपही वापरतात. शास्त्री तो मागवून ठेवतो आणि शहराचा इन्स्पेक्टर तो मान्य करील का, यावर महिनाभर चर्चा घडवतो. तोवर फोनच्या कॅलेंडरात दर पंधरवड्याला नोंद असते: ‘ट्रॅपला पाणी’. तुळशीला पत्नी घालते.

साहित्याच्या निवडीत तो सर्वांत रंगतो, आणि तिथे त्याचे म्हणणे बिनतोड असते. साधे पीव्हीसी १४० अंशांपर्यंतच टिकते. उकळत्या पाण्याखाली ते मऊ पडून वाकते, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हला तांब्याचा पाइप बरा. कंडेन्सिंग बॉयलरचा हिशेब मात्र उलटा. त्याच्या धुराड्यातून गळणारे पाणी आम्ल असते, पीएच साधारण ३ ते ५. ते तांबे खाते, म्हणून तिथे प्लॅस्टिक, आणि ड्रेनआधी चुनखडीच्या खड्यांची नळी. बहुतेक बॉयलरांत ट्रॅप आतच असतो. पुढे त्याच पाइपवर दुसरा बसवला की दोहोंच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणी उलटे फिरून बॉयलर बंद पडतो. शास्त्र्याने दुसरा बसवलेला असतोच, खबरदारी म्हणून. परमिटच्या तपासणीला आलेला इन्स्पेक्टर त्याच्याकडे बोट दाखवतो, काही बोलत नाही. दुसऱ्या फेरीतल्या सहीचा फोटो मात्र त्याच संध्याकाळी व्हॉट्सॅप ग्रुपवर येतो.

मार्च २०२३ मध्ये बे एरियाच्या हवा नियंत्रण मंडळाने, नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या लहान गॅस हीटरांची विक्री २०२७ पासून थांबवण्याचा नियम मंजूर केला. त्यामुळे ट्रॅपशास्त्री आता हीट पंपाकडे वळला आहे. हा हीटर हवेतला दमटपणा ओढून पाण्याच्या रूपाने बाहेर टाकतो. सेफ्टी व्हॉल्व्ह याही टाकीला आहे आणि त्याचे नियम तेच आहेत. दमटपणाचे पाणी गार असते, साध्या पीव्हीसीतून जाते आणि त्याला चुनखडी लागत नाही. ते वरचेवर ठिबकत असल्याने ट्रॅपही सहसा आटत नाही, म्हणजे कॅलेंडरातली नोंद रद्द. उरलेली अर्धी पिशवी चुनखडी पत्नी कढीपत्त्याच्या कुंडीत घालायला निघते, तेव्हा मातीचा पीएच किती असावा यावर तो तिला गॅरेजच्या दारातच थांबवतो.