मिस्टरांची सही

ज्या माणसाच्या सहीवर बँक साधा मिक्सर हप्त्याने देणार नाही, त्याची सही आणल्याशिवाय त्याच्या बायकोला घरासाठी कर्ज मिळत नाही. हे ज्ञान मला आमच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे झालं. वहिनी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवतात, तेव्हा त्यांचाच काहीतरी हिशेब चुकला असेल, असं म्हणायची सोय नाही.

हिशेब साधा होता. धायरीत ६० लाखांचा फ्लॅट. ३०० ते ९०० च्या पट्टीवर वहिनींचा क्रेडिट स्कोअर ८११, त्यांच्या मिस्टरांचा, म्हणजे भाऊंचा, ५८७. साडेसातशेच्या खाली गेलं की बँकेचा चेहरा पडतो आणि सहाशेच्या खाली बँक ओळखही दाखवत नाही. दोघांनी मिळून अर्ज केला असता तर भाऊंच्या ५८७ ने वहिनींचे ८११ बुडवले असते. म्हणून वहिनींनी एकटीने अर्ज करायचं ठरवलं. एकटीचाच पगार धरला गेल्यामुळे कर्ज ४८ लाखांवरून ४० लाखांवर आलं. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिना पस्तीस हजारांच्या आसपास हप्ता. वरच्या रकमेसाठी पीएफ, भिशी आणि आईच्या पाटल्या अशी जुळवाजुळव झाली. शिवाय खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुण्यात सातऐवजी सहा. म्हणजे ६० हजार वाचले. करारात शेजारी नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. थोडक्यात, नवरा या व्यवहारापासून जेवढा लांब तेवढं बरं, यावर वहिनींचं आणि मुद्रांक शुल्काच्या नियमाचं एकमत होतं.

लोनच्या टेबलावरचा मुलगा फाइल चाळून म्हणाला, ‘मॅडम, फाइल एकदम क्लीन आहे. फक्त मिस्टरांची सही लागेल.’

‘मिस्टर अर्जदार नाहीत.’

‘हो ना मॅडम, म्हणूनच.’

या ‘म्हणूनच’नंतर वहिनींसारख्या गणिताच्या बाईसुद्धा क्षणभर गप्प बसल्या. मग त्याने मसुदाच काढून दिला. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून, भाऊंनी लिहून द्यायचं की माझ्या पत्नीने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर, स्वतः हप्ते भरून घर घेण्यास माझी कोणतीही हरकत नाही. सदर मजकूर मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाखाली न येता, नशापाणी न करता लिहून देत आहे.

आता या सहीबद्दल थोडं सांगायला हवं. सही देखणी आहे. सुरुवातीचं अक्षर पतंगासारखं वर चढतं, आडनाव एका झटक्यात संपतं, खाली तिरकी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. एसवाय बीकॉमला असताना मागच्या बाकावर बसून घटवलेली. २०१६ साली भाऊंनी ती एका मित्राच्या टेम्पोच्या कर्जाला जामीनदार म्हणून केली. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे रे,’ असं मित्र म्हणाला होता. असं म्हणणाऱ्या माणसाला पहिल्या चहातच ओळखता आलं पाहिजे, पण आपल्याकडे मैत्रीत चहा दुसराही होतो. आठव्या हप्त्यानंतर मित्राने हप्ते थांबवले. टेम्पो थांबला नाही. मागे ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेला तो टेम्पो आमच्याच सोसायटीवरून भाजी घेऊन जायचा आणि वसुलीवाले आमच्याच सोसायटीत भाऊंना शोधत यायचे. कायदा वसुलीवाल्यांच्या बाजूने होता. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. टेम्पोही कर्जदाराइतकाच का असत नाही, हे दीडशे वर्षांत कुणाला सुचलेलं नाही. शेवटी भाऊंनी घासाघीस करून, जमेल तेवढे पैसे भरून प्रकरण मिटवलं. त्यांना वाटलं, मिटलं. पण रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ आलं नाही, ‘सेटल्ड’ आलं, आणि बँकेच्या लेखी ‘सेटल्ड’ म्हणजे पोलीस ठाण्यात फोटो लागल्यासारखंच.

तेव्हापासून त्या घरात भाऊंना सहीबंदी आहे. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर आजी सही करते. कुरिअरवाला आला तर भाऊ दारातून आत हाक मारतात. सोसायटीच्या सभेत हजेरीचं रजिस्टर फिरायला लागलं की ते पाणी प्यायला उठतात. माणूस इतका सुधारला. आणि आता बँकच स्टॅम्प पेपर पुढे करून म्हणते, इथे, इथे आणि प्रत्येक पानावर.

भाऊंनी केली. बँकेने फाइल परत पाठवली, कारण स्टॅम्प पेपरवरची सही पॅन कार्डावरच्या सहीशी जुळेना. इतक्या वर्षांच्या बंदीने हात आखडला होता, पतंग वर चढतच नव्हता. मुलगा म्हणाला, ‘सरांना जरा मोकळ्या हाताने करायला सांगा.’ वहिनी म्हणाल्या, ‘मोकळ्या हाताने केली म्हणून तर इथे बसलोय.’ मग सहीची पडताळणी आणायची ठरली, आणि ती ज्या बँकेत भाऊंचं जुनं खातं आहे तिथून. ते खातं कुठे? टेम्पोचं कर्ज देणाऱ्या सहकारी बँकेत. तिथल्या मॅनेजरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, टिंबं मोजली आणि एकही प्रश्न न विचारता शिक्का मारला. ‘ही सही आम्ही कशी विसरू?’ म्हणाले. वसुलीच्या आठ नोटिसांवर पोच म्हणून तीच सही त्यांच्या फायलीत होती. भाऊंच्या सहीवर गेल्या कित्येक वर्षांत कुणी निःशंक विश्वास ठेवला असेल तर तो याच बँकेने, आणि बाहेर पडताना भाऊंचा ऊर थोडा भरून आला होता, असं वहिनी सांगतात.

मी वहिनींना विचारलं, तुम्हाला मिस्टर नसतेच तर? त्याचीही चौकशी त्या करून आल्या होत्या. विधवा असाल तर मृत्यूचा दाखला. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा. लग्नच केलं नसेल तर ‘मग वडील असतील ना?’ म्हणजे बाईच्या मागे कुणीतरी पुरुष सहीला उभा हवाच. तो जिवंत असावा, नसल्यास मेल्याचा पुरावा असावा. माझ्या कर्जाच्या वेळी आमच्या सौभाग्यवतींची हरकत आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. हरकत होती. ती अजूनही आहे, जेवायला बसलो की रोज नोंदवली जाते, पण बँकेला तिचं सोयरसुतक नाही. आणि या बाईचा बावीस वर्षांचा पगार याच शाखेत जमा होतो हो! कोणत्या तारखेला विम्याचा हप्ता जातो, कोणत्या दिवाळीत सोनं घेतलं, सासऱ्यांचं ऑपरेशन कधी झालं, सगळं यांच्या पासबुकात छापलेलं आहे. एक चेक परत गेलेला नाही. वहिनींचा हप्ता चुकला तर बँक भाऊंकडे जाणार आहे का? नाही. भाऊंचा पगार, भाऊंची मालमत्ता, भाऊंची जबाबदारी, कशाचाही या कर्जाशी संबंध नाही, हे त्याच स्टॅम्प पेपरवर कलम चारमध्ये लिहिलेलं आहे. मग ही सही कशासाठी? कर्ज घेणारी पोरकी नाही, घरी विचारून आलेली आहे, एवढ्याची खात्री करून घेण्यासाठी. पहिलीच्या सहलीला पालकांची संमती लागते ना, ती. फरक एवढाच की सहलीची चिठ्ठी फुकट असते आणि तिच्यावर वहिनी रोज पालकांच्या सह्या घेतात.

(कर्जाच्या रकमेतच गुपचूप गुंफलेल्या एकरकमी विम्याबद्दल मी आज लिहीत नाही. डॉक्टरांनी संतापायला मनाई केली आहे आणि आजचा कोटा संपला.)

कर्ज मंजूर झालं. वहिनींना पत्र आलं. भाऊंचा मोबाइल नंबर त्या स्टॅम्प पेपरवर होताच, त्यामुळे त्यांनाही चार दिवसांनी एका गोड आवाजाचा फोन आला. ‘सर, आपण आमचे खास ग्राहक आहात. आपल्यासाठी पाच लाखांचं पर्सनल लोन तयार आहे.’ भाऊ प्रामाणिक माणूस. त्यांनी आधीच सांगून टाकलं की मला घरात सही करायची परवानगी नाही.

‘सही कशाला हवी सर? फक्त ओटीपी सांगा.’

तेव्हापासून भाऊंचा फोन वहिनींच्या पर्समध्ये असतो.