कोलू पाटलांच्या प्रस्तावातल्या त्रुटी

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या कोलू पाटील कोहळींनी आयुष्यात एकच चूक केली. घाई केली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच डोंगरांच्या बेचक्यात मातीची पाळ घातली आणि सुमारे 11 चौरस किलोमीटरचा तलाव करून मोकळे झाले. ना सल्लागार, ना निविदा, ना भूमिपूजनाचा फलक. तीनशे वर्षं कळ काढली असती, तर हाच तलाव ‘हवामान-सक्षम निसर्गाधारित हरित-नील पायाभूत सुविधा’ म्हणून मंजूर झाला असता आणि पाटील एखाद्या जागतिक परिषदेत चकतीएवढ्या माइकसमोर बसलेले दिसले असते.

लोकांनी मात्र तलाव भरलेला पाहिला आणि पाटलांना देव करून टाकलं. तलावाजवळच्या टेकडीवर कोलासुर देव म्हणून त्यांचं ठाणं आहे. आपल्याकडे माणसाला देव व्हायला कोणाची हरकत नसते. कंत्राटदार म्हणून नोंदणी करायची असेल तर कागद लागतात.

तर समजा, यंदाच्या नवतपात टेकडीवरही बसवेना म्हणून पाटील शहराकडे उतरले. पारा पंचेचाळीसच्या घरात. ‘शहरी हिरवळ आणि निसर्गाधारित उपाय’ या विषयावर प्रस्ताव मागवलेत असं त्यांच्या कानावर आलं होतं. ते एका कार्यालयात शिरले. कोणत्या, ते विचारू नका. टेबल सगळीकडे तेच असतं.

“नाव?”

“कोलू पाटील.”

“आधार?”

“सात बहिनींचा.”

सात बहिणी म्हणजे तलावाभोवतीच्या सात टेकड्या. टेबलाने त्या रकान्यात फुली मारली.

“प्रकल्पाचं नाव?”

“बोडी.”

“असं नाव कसं चालेल? काय करणार आहात नेमकं?”

“बुजलेली बोडी उपसायची जी. पाळ नीट करायची. वरून पानी येते ती वाट मोकळी करायची आन् जास्तीचं पानी जायला सलंग उघडी ठेवायची. पावसाचं पानी घरात शिरन्याआधी बोडीत बसते. मंग जमिनीत मुरते, विहिरीत उतरते. उन्हाळ्यात पाळीवरच्या झाडाखाली मानूस बसते.”

टेबल बराच वेळ गप्प राहिलं. मग पहिली त्रुटी काढली: पाळ मातीची दाखवलेली आहे, सिमेंट काँक्रीटचा तपशील नाही. दुसरी: चालण्याचा मार्ग, बसण्याची बाके, पेव्हर ब्लॉक, कारंजे आणि शहरावर प्रेम असल्याचं सांगणारी विजेची अक्षरं यांचा अंदाजपत्रकात उल्लेख नाही. तिसरी: झाडे आपोआप उगवतील असं लिहिलं आहे. आपोआप ही बाब दरसूचीत नाही.

आता या पेव्हर ब्लॉकचं मला खरंच कौतुक वाटतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ‘हरित क्षेत्र विकास’ असा फलक दिसला की समजावं, उरलेली माती आता झाकली जाणार. मधे लॉनचा एक चौकोन, त्याला चौफेर साखळी आणि ‘हिरवळीवर चालू नये’. पाऊस पडला की पाणी त्या फरशीवरून सुसाट नालीत जातं, नाली आधीच भरलेली असते आणि मग आपत्ती व्यवस्थापनाची बैठक लागते. मे महिन्यात तीच फरशी दिवसभर ऊन पिते आणि रात्री शहराला परत करते.

सलंगीचंच, म्हणजे सांडव्याचंच घ्या. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. सांडव्याच्या तोंडाशीच स्मारक उभारलं आहे, हा वाद हायकोर्टात गेला. पाटलांना हे सांगितलं तर ते एवढंच विचारतील, “सलंगीपुढं कोन काही बांधते का जी?” जुनी माणसं. त्यांना नागरी सौंदर्यीकरण कळत नाही.

बरं, हे पाटील काही एकटे नव्हते. भंडारा-गोंदियाच्या कोहळी समाजानं उताराची वाट नजरेनं ओळखत असे तलाव रचले की वरच्याचं ओसंडलेलं पाणी खालच्यात यावं. तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, असा गोंड राजांचा शिरस्ता होता असं सांगतात. म्हणजे बिल निघायचं ते धानाच्या बांधीत पाणी पोचल्यावर. आता ते फोटो पोचल्यावर निघतं, ही प्रगतीच म्हणायची.

पुढे हे तलाव मालगुजारांचे झाले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी या शब्दांची आद्याक्षरं घेऊन सरकारनं त्यांना मामा केलं. पूर्व विदर्भात असे जवळपास 7 हजार मामा तलाव आहेत, एकट्या गोंदिया जिल्ह्यात 1400 च्या आसपास. हा शब्द कोणत्या कारकुनाला सुचला माहीत नाही, पण भविष्य जाणणारा माणूस असावा.

वाटणीही चोख आहे. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारा तलाव जिल्हा परिषदेचा. त्याहून जास्त भिजवण्याचा आगाऊपणा करणारा पाटबंधारे खात्याचा. मासे ठेका घेतलेल्या संस्थेचे, पोटातली सुकलेली जमीन अतिक्रमण करणाऱ्याची. आणि पाण्यात बेसुमार माजलेली बेशरम? ती कोणाचीच नाही. जांभळ्या फुलांची, तोडली तरी पुन्हा फुटणारी ही वनस्पती आपली मूळची नाही, बाहेरून आलेली. पण तलावाच्या कारभारात तिच्याइतकं रुजलेलं दुसरं कोणी नाही.

अर्जुनी मोरगाव भागात तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबतच्या मासेमार ढिवर समाजाच्या बाया-माणसांनी एक विचित्र उद्योग केला. त्यांनी बेशरम उपटली. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, तिथं गावठी पाणवनस्पती आणून लावल्या, माशांना अंडी घालायला जागा झाली आणि तलावात गावठी मासे परतू लागले. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा राहतो, हे त्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. 2020 साली आययूसीएन या संस्थेनं निसर्गाधारित उपायांचं जागतिक मानक काढलं. त्यात 8 निकष आणि 28 निर्देशक होते. ढिवरांना अठ्ठाविसापैकी एकही पाठ नव्हता, तरी मासे आले. हे नियमात बसतं का, कोणीतरी तपासायला हवं.

सरकारही स्वस्थ बसलेलं नव्हतं. 2022 मध्ये अमृत सरोवर योजना आली. देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला 75 सरोवरांचं लक्ष्य, प्रत्येकी किमान एक एकर. राजस्थानच्या वाळवंटाला 75 आणि गोंदियालाही 75. ज्या जिल्ह्यात चौदाशे मामा गाळात बसलेत, त्याला पंचाहत्तर भाचे. पंधरा ऑगस्टला भाच्यांच्या काठी झेंडावंदन झालं. मामांकडे कोणी गेलं असल्यास कळवावं.

झाडांचा हिशेब तर याहून सरळ आहे. राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. आता झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, सहा ते आठ फूट उंचीची. हेतू चांगला आहे, यात विनोद नाही. विनोद पुढे आहे. साठ वर्षांची चिंच गेली की रस्त्याला साठ रोपं मिळतात आणि तिच्याखाली उभे राहणारे रिक्षावाले त्या साठांच्या सावलीत एकेक पाऊल ठेवून दुपार काढू शकतात.

प्रस्तावाला बोधचिन्ह नाही, ही पाचवी त्रुटी होती. चौथी सांगण्यासारखी नाही, ती टक्क्यांची होती. टेबलानेच सुचवलं, सारस घ्या. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदियातच, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. “पन सारस कुठं बसन जी?” पाटलांनी विचारलं. “त्याला उथळ पानी लागते, देवधान लागते, शेजारी धानाची बांधी लागते.” टेबल हसलं. चौकातला सारस फायबरचा असतो, त्याला चबुतरा पुरतो.

शेवटी अनुभवाचा रकाना आला. अशा प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा होता. पाटलांना हायसं वाटलं. त्यांनी नवेगावबांध लिहिलं.

“पूर्णत्वाचा दाखला जोडा,” टेबल म्हणालं.

“दाखला कशाचा जी? तलाव अजून चालू आहे.”

“म्हणजे काम अपूर्ण आहे,” टेबल म्हणालं आणि फाइल परत केली.