कचऱ्यापुरतं इटालियन: अगदी नवशिक्यांसाठी

इटालियन शिकणारे आधी पिझ्झा मागवायला शिकतात. पिझ्झा काय, बोट दाखवूनही मिळतो. भाषा लागते ती तो खाऊन झाल्यावर, जेव्हा तेलकट खोका घेऊन तुम्ही इमारतीच्या अंगणात डब्यांच्या रांगेसमोर उभे असता आणि वरच्या खिडकीतून एक सिन्योरा तुमच्याकडे बघत असते.

आधी पाठांतर. कचरा वेगळा करणं म्हणजे 'राक्कोल्ता दिफ्फेरेन्त्सियाता'. हे एका दमात म्हणता येईपर्यंत कचरा घरातच ठेवा. ओला तो 'ऊमिदो', कागद 'कार्ता', काच 'वेत्रो', प्लास्टिक 'प्लास्तिका'. ज्याचं काहीच होत नाही ते 'इन्दिफ्फेरेन्त्सियातो'. हा शब्द मुद्दामच अवघड ठेवला असावा, म्हणजे त्या डब्याकडे कोणी फारसं फिरकत नाही. पुण्यात ओला-सुका करून तयार झालेल्यांनी फुशारू नये. हा पुढचा वर्ग आहे.

रंगांवर विसंबू नका. २०१७ साली देशभरासाठी रंगांचं प्रमाण ठरलं, त्यात कागदाला निळा रंग मिळाला. मिलानमध्ये कागदाचा डबा पांढरा असतो.

आता प्रश्न विचारू. 'दोवे सी बुत्ता?' म्हणजे 'कुठे टाकायचं?' उत्तर कुठेही विचारा, एकच: 'दिपेन्दे'. तुम्ही कुठल्या गावात आहात त्यावर आहे. इटलीत सुमारे ७,९०० नगरपालिका आहेत आणि कचऱ्याचे बारकावे जिथले तिथे ठरतात. तोच तेलकट खोका एका गावात ऊमिदोत जातो, दुसऱ्या गावात कागदात चालतो. २०२३ पासून वेष्टनांवर विल्हेवाटीची माहिती छापणं सक्तीचं झालं. तीत पुष्कळदा शेवटची ओळ असते: आपल्या नगरपालिकेचे नियम पाहा.

अपवाद मात्र नीट घोका, कारण नवशिके इथेच सापडतात. दुकानाची पावती कागदासारखी दिसते, पण ती उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची, म्हणून कार्तात नाही. क्रिस्टलचा पेला वेत्रोत नाही. प्लास्टिकची मोटार प्लास्तिकात नाही, पण ती ज्या प्लास्टिकच्या वेष्टनात आली ते मात्र आहे. हे ऐकून हसू येतं, पण त्यामागे हिशेब आहे: वेष्टनाच्या वसुलीसाठी उत्पादक वर्गणी भरतात, खेळण्यासाठी कोणी भरत नाही.

एवढा खटाटोप करून होतं काय? ६५ टक्के कचरा वेगळा करण्याचं उद्दिष्ट कायद्याने २०१२साठी ठेवलं होतं. देशाने ते २०२२ साली गाठलं. दहा वर्षं उशीर झाला, हे खरं. पण २०१४पर्यंत मिलानसारख्या महानगरात घरोघरचा स्वयंपाकघरातला कचरा वेगळा गोळा होऊ लागला होता, आणि ते मला पिझ्झ्याहून मोठं वाटतं.

शेवटी संभाषण. सिन्योरा विचारतील, 'की आ बुत्तातो क्वेस्तो?' म्हणजे 'हे कोणी टाकलं?' पुरुषांनी म्हणायचं, 'नोन सोनो स्तातो ईयो', मी नव्हे. बायकांनी 'स्तातो'ऐवजी 'स्ताता'. गडबडीत लिंग चुकलं तर संशय बळावतो. चुकीच्या डब्याचा दंड मिलानमध्ये सबंध इमारतीच्या नावाने येऊ शकतो, त्यामुळे शेजारी या विषयात हौशी गुप्तहेर असतात. तेव्हा बाकी व्याकरण राहिलं तरी चालेल, हे वाक्य पाठ करा. आणि चहाच्या पिशवीची पिन काढल्याशिवाय ती ऊमिदोत टाकू नका.