घरकुलाआधी किती उंबरे झिजवायचे?

घरकुल मंजूर झाले म्हणजे घर झाले, असे होत नाही. कळवण तालुक्यात दळवट, कनाशी, जयदरच्या बाजूला राहणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

मंजुरी आणि हप्ते पंचायत समितीत. शबरी योजनेतले घरकुल असेल तर आदिवासी विकास खाते. वाळू तहसिलात. मजुरीचे मस्टर रोजगार हमीच्या टेबलावर, खाते बँकेत. घराखालची जागा वनजमिनीत निघाली, तर वनखात्याची वारी वेगळी. या सगळ्यांना एकत्र आणायचे काम कोणाचे? आज ते काम लाभार्थी करतो, स्वतःची रोजंदारी बुडवून.

हिशेब बघा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. केंद्राचा आकडा तिथेच आहे. सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी तिथे थांबलेली नाही. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची वाढ जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयाला १२ हजार, ५ ब्रासपर्यंत मोफत वाळू, जागा नसेल तर खरेदीला मदत, बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्जाची तरतूद. हे सगळे एका वेळी हातात पडले, तर २५ चौरस मीटरचे साधे घर उभे राहील. पण प्रत्येक तुकड्याचे खाते वेगळे, अर्ज वेगळा आणि मुहूर्तही वेगळा.

बांधकामाचा मोसम मात्र एकच, दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत. त्याच महिन्यांत इथली माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि कांद्याच्या कामाला जातात. जोत्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. हप्ता नाही म्हणून गवंडी नाही. गवंडी मिळतो तोवर मृग लागतो आणि छपराविना उभ्या भिंती पावसात भिजतात. याला कोणी लाभार्थ्याचा आळस म्हणू नये. हा कार्यालयांनी एकमेकांशी न बोलल्याचा परिणाम आहे.

बोलले तर काय होते, ते सोलापूरने दाखवले आहे. शहराजवळ कुंभारीत विडी कामगार, यंत्रमागावरचे मजूर, कचरावेचक अशा असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत ठरली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी सहकारी संस्था उभारली, केंद्र आणि राज्याचे अनुदान मिळवले, बाकीचा वाटा स्वतः उचलला. १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतर झाले. लाल बावट्याच्या नेत्याने मागणी लावून धरली आणि भाजपच्या पंतप्रधानांनी किल्ल्या दिल्या. घरासाठी एवढे जमत असेल, तर एकाच तालुक्यातल्या चार कार्यालयांचे का जमू नये?

रे नगर एका जागी आहे, कळवणची घरे पाड्या-पाड्यांवर विखुरलेली आहेत, हे खरे. म्हणून तर इथे जोडणीची गरज जास्त. साधनेही हाताशी आहेत. कळवण हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसाची ग्रामसभा इथे आहे. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय कळवणलाच आहे. २०२०च्या महाआवास अभियानात बचत गटांनी घरकुल मार्ट चालवावेत, अशी कल्पना सरकारनेच मांडली होती. गावातल्याच तरुणांना गवंडीकाम शिकवायची सोय तर योजनेतच आहे.

मागणी साधी आहे. दिवाळीपासून मेपर्यंत महिन्यातून एक दिवस बीडीओ, तहसीलदार, प्रकल्प अधिकारी, वनाधिकारी आणि बँकेचे व्यवस्थापक मोठ्या गावात एकत्र बसावेत. मस्टर, वाळू, हप्ता, कर्ज यांचा निकाल तिथेच लागावा. सिमेंट-सळई बचत गटांनी एकगठ्ठा भाव ठरवून घ्यावी. अर्धवट घरांची यादी, काम कोणाच्या टेबलावर अडले आहे त्यासह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय उठू नका.